आठ माणसं, तीन खोल्या आणि परत दिलेली चार तिकिटं

पार्श्वभूमी

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीतलं हे प्रकरण. मी ठाण्यात पाचपाखाडीला घरूनच सहलींची बुकिंग करते. एक टेबल, दोन फोन आणि बरीचशी ओळखीतून आलेली गिऱ्हाइकं, एवढाच पसारा. कुटुंबाला विचारून लिहिते आहे, नावं गाळली आहेत. रिसॉर्टचंही नाव देत नाही. ठाण्याहून दोन-अडीच तासांवर, थीम पार्कला लागून स्वतःचं हॉटेल असलेलं ते ठिकाण. कुठल्या रस्त्याला, ते सांगितलं तर ठाणेकर लगेच ओळखतील.

आजी-आजोबा नौपाड्यात जुन्या इमारतीत राहतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. थोरली सून दोन मुलांना घेऊन कोलशेत रोडला असते. मुलगा पंधरा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. तिचा नवरा बोटीवर, त्या दिवाळीला तो समुद्रातच होता. धाकटा मुलगा, त्याची बायको आणि चार वर्षांचं पोर ऐरोलीला. बुकिंगचं सगळं थोरलीच बघत होती. धाकटा तिला वहिनी म्हणतो, म्हणून मीही इथे वहिनीच लिहिते.

निमित्त होतं आजी-आजोबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं. बोटीला नेटवर्क मिळालं की थोरल्याचे मेसेज धडाधड यायचे. त्यातला एक वहिनींनी मला दाखवला: "पैशाकडे बघू नका, सगळ्यांना सगळं घ्या." आजोबांचं म्हणणं अगदी उलट. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्यभर स्टोअर्स सांभाळलेला माणूस. "मानपाड्याला टिकुजिनीवाडी आहे की. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी." (टिकुजिनीवाडी म्हणजे ठाण्यातलंच पाळण्यांचं पार्क.) यावर आजींनी जे ऐकवलं त्यावरच मुक्काम ठरला. "पन्नास वर्षं ह्यांच्याबरोबर नातेवाइकांकडे राहिले, नाहीतर धर्मशाळेत. एक रात्र हॉटेलात राहू द्या की मला."

अडचण

रिसॉर्टच्या संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत एकच पॅकेज दिसत होतं. खोली, सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण, दोन्ही दिवसांचा पार्कप्रवेश आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इतरांपेक्षा तासभर आधी आत जायची मुभा. शनिवार-रविवारी खोलीमागे १२,५०० रुपये, सोमवार ते गुरुवार ९,२००. भाव दोन मोठ्या माणसांचा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळे पैसे, पाचच्या आतलं फुकट, बारा उलटली की मोठा माणूस. म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा मोठ्यांत गेला, आणि सहा मोठी माणसं तीन खोल्यांत चपखल बसली.

इथपर्यंत सोपं. गोची अशी की पॅकेज खोलीला विकतात आणि मजा माणसागणिक वेगळी असते. आजोबांचे दोन्ही गुडघे गेलेले. आजी बागेतल्या झोपाळ्यावरही बसत नाहीत, डोकं गरगरतं. चार वर्षांचं पोर दुपारी दोन तास झोपलं नाही तर संध्याकाळ सगळ्यांनाच भोगावी लागते. पंधरा वर्षांच्याला सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. एकच पॅकेज तिन्ही खोल्यांना घेतलं तर निम्म्या माणसांच्या वाट्याला न वापरायच्या सोयी येणार, आणि पैसे मात्र सगळ्यांचे भरायचे.

त्यात किंमतही सरळ नाही. मोठ्या अक्षरातला आकडा कराशिवायचा. पैसे भरायच्या पानावर जीएसटी चढतो, आणि खाली बारीक चौकटीत आधीच टिकमार्क करून ठेवलेलं 'रद्द संरक्षण', म्हणजे बुकिंग रद्द करावं लागलं तर नुकसान होऊ नये म्हणून, खोलीमागे २९९ रुपये. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या युक्त्यांच्या तेरा प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. किंमत थेंबाथेंबाने उघड करणं त्यात आहे, आणि न विचारता ग्राहकाच्या टोपलीत काहीतरी सरकवणंही आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मी अजून केलेली नाही. टिक काढते आणि पुढे जाते, धंद्यात सगळे हेच करतात, आणि म्हणूनच ती चौकट तिथे टिकून आहे.

कराचाही एक पेच आहे, तो गिऱ्हाइकांच्या सहसा लक्षात येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी लागतो, त्याच्या वर अठरा. पार्कच्या तिकिटावर अठरा, आणि तेही जानेवारी २०१८ मध्ये अठ्ठावीसवरून खाली आले म्हणून. म्हणजे नुसती खोली ६,९०० ची असेल तर पाच टक्क्यांत सुटते. तीच खोली जेवण आणि तिकिटांबरोबर एका गाठोड्यात बांधून ९,२०० ला विकली, की सगळं गाठोडंच अठरा टक्क्यांत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय थोरल्याचा: शनिवार-रविवार, २५-२६ ऑक्टोबर, तिन्ही खोल्या पॅकेजमध्ये. ३७,५०० आणि नातीचे ३,००० मिळून ४०,५००, कर धरून ४७,७९०.

दुसरा, तेच सगळं सोमवार-मंगळवार. २७,६०० आणि नातीचे २,४००, म्हणजे ३०,०००. कर धरून ३५,४००. नुसता वार बदलला आणि १२,३९० रुपये वाचले, शिवाय भाऊबीजेनंतरच्या शनिवार-रविवारची गर्दी टळली. गर्दीच्या दिवशी एकेका पाळण्याला तासभर रांग लागते. अशा दिवशी तिकिटाचे पैसे जास्त आणि पाळणे निम्मे, हे दुहेरी नुकसान लोक मोजत नाहीत. अडचण फक्त धाकट्याच्या रजेची होती. दिवाळीची रजा संपली होती, आणखी दोन दिवस काढायचे होते. "वहिनी, माझी दोन दिवसांची रजा बारा हजारांची आहे, हे साहेबांना सांगून बघतो," म्हणाला, आणि मिळवली.

तिसरा पर्याय स्वस्तातला. रिसॉर्टमध्ये राहायचंच नाही. पंधरा मिनिटांवर एक साधं, स्वच्छ हॉटेल मला माहीत आहे. खोली ३,२००, तीन खोल्या कर धरून १०,०८०. हिंडणाऱ्या चार मोठ्यांची एका दिवसाची तिकिटं १,४०० प्रमाणे ५,६००, नातीचं १,१५०. जेवणखाण सात हजार धरलं तरी सगळं चोवीस हजारांच्या आत. इथे एक गोष्ट वहिनींना आधीच सांगितली, ती इथेही लिहिते: रिसॉर्टच्या बुकिंगवर मला कमिशन मिळतं, त्या साध्या हॉटेलकडून काही मिळत नाही. चार तरुण माणसं असती तर मी डोळे मिटून तिसरा पर्याय दिला असता. पण इथे दुपारी झोपणारं पोर होतं, न चालणारे गुडघे होते, आणि "हॉटेलात राहू द्या की" म्हणणाऱ्या आजी होत्या. रस्त्यावरच्या हॉटेलात पन्नासावा वाढदिवस करायला वहिनी तयार झाल्या नाहीत.

चौथा, आजोबांचा: मुक्कामच नको, पहाटे निघा आणि रात्री परत या. तो आजींनी मोडीत काढला.

पाचव्यावर माझे दोन दिवस गेले. मला वाटत होतं, न वापरणाऱ्यांचं पॅकेज काढून टाकलं की झालं. संकेतस्थळावर नुसती खोली दिसतच नव्हती. फोन केल्यावर कळलं की आहे, नाश्त्यासकट ६,९००, कर धरून ७,२४५. मग एका खोलीचं गाठोडं सोडून बघितलं. खोली ७,२४५, दोघांचं रात्रीचं जेवण २,२००, दोघांची दोन दिवसांची तिकिटं ५,६००. सुटं घेतलं तर १५,०४५. पॅकेज कर धरून १०,८५६. सगळं वापरणार असाल तर पॅकेज चार हजारांनी स्वस्त. काहीच न वापरता नुसते राहून जेवणार असाल तर सुटं ९,४४५, म्हणजे पॅकेज १,४११ नी महाग. मधली पायरी मात्र गमतीची निघाली. ऐरोलीकरांची आणि आजी-आजोबांची अशा दोन खोल्या बाहेर काढल्या आणि ऐरोलीकरांना एकाच दिवसाची तिकिटं घेतली, तर सगळ्यांचे मिळून झाले ३५,३७८. दुसऱ्या पर्यायाच्या ३५,४०० पेक्षा बावीस रुपये वाचले आणि एक दिवस गेला.

हा योगायोग नव्हे. नुसत्या खोलीचा भाव मुद्दाम पॅकेजच्या जवळ ठेवलेला असतो. दोघांनी एक दिवस पार्क वापरला की पॅकेजच बरं वाटावं, असाच तो बेतलेला असतो. फक्त आजी-आजोबांचीच खोली बाहेर काढली तर १,४११ वाचत होते. चाळीस हजारांच्या घरातल्या खर्चात एवढ्यासाठी त्यांच्या मनगटाला वेगळ्या रंगाचा प्रवेशपट्टा बांधायचा, हे मलाच पटेना.

काय केलं

माझा एक जुना अनुभव आहे. रिसॉर्टकडे सवलत मागितली की "सिस्टीममध्ये नाही" म्हणतात. अदलाबदल मागितली की "साहेबांना विचारून सांगतो" म्हणतात. म्हणून दुसरा पर्याय पक्का केला आणि विचारलं: आजी-आजोबा पाळण्यात बसणार नाहीत, त्यांची दोन दिवसांची चार तिकिटं तुम्ही परत घ्या, त्याबदल्यात काय द्याल?

गेटवर ज्येष्ठांचं तिकीट हजार रुपयांचं, म्हणजे छापील भावाने चार हजारांची तिकिटं. रिसॉर्टला त्यांचा खर्च जवळजवळ काहीच नसतो. पार्क चालूच असतं, दोन म्हातारी माणसं जास्त आली तरी पाळण्याचं वीजबिल तेवढंच. जेवणाचा खर्च मात्र खरा असतो. तरी सोमवारच्या रिकाम्या खोल्या आणि एकदम तीन खोल्यांचं गिऱ्हाईक बघून ते राजी झाले. हॉटेलातल्या दुपारच्या थाळीची चार कुपनं, एकेक ५५० ची. शिवाय मी आणखी दोन गोष्टी मागून घेतल्या: आजी-आजोबांना तळमजल्यावरची खोली, आणि मंगळवारी एक खोली अकराऐवजी दुपारी तीनपर्यंत. हे तिन्ही मेलवर लेखी घेतलं.

चौथी गोष्ट फोनवरच राहिली. चेक-इन दोनला होतं. पहिल्या दिवसाचं तिकीट दोनला हातात पडलं आणि सोमवारी पार्क सातला बंद झालं, तर तो 'दिवस' पाच तासांचा. मनगटावरचे पट्टे सकाळी अकरालाच द्या, खोली नंतर द्या, असं मी सांगितलं. "हो मॅडम, देऊ ना," असं उत्तर आलं. मी फोन ठेवला.

थोडं विषयांतर. या सोयी म्हणजे पार्कवाल्यांचे पत्ते असतात, हातात धरतात आणि वेळ आली की काढून घेतात. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १९५५ मध्ये सुरू झालं. तिथे काही महिन्यांतच वेगवेगळ्या पाळण्यांसाठी अक्षरांच्या कुपनांची पुस्तकं आली. सर्वांत भारी 'ई' कुपन १९५९ चं. एकाच तिकिटात सगळं, ही पद्धत तिथे १९८२ ला पक्की झाली. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये रांग टाळायचा फास्टपास १९९९ पासून फुकट होता. २०२१ मध्ये त्याच्या जागी पैसे भरायची सोय आली. हॉटेलच्या पाहुण्यांना विमानतळावरून फुकट आणणारी बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. आता तिथल्या हॉटेलात राहिलात तर इतरांच्या आधी अर्धा तास आत सोडतात. शेजारच्या युनिव्हर्सलच्या तीन महागड्या हॉटेलांत मात्र रांग टाळायचा पास खोलीच्या भाड्यातच धरलेला असतो. आपल्याकडची पॅकेजं याच वळणाची आहेत, म्हणून 'तासभर आधी प्रवेश' वाचलं की मी आधी विचारते, कुठले पाळणे तासभर आधी चालू होतात? या वेळीही विचारलं. "बहुतेक सगळे," असं सांगितलं गेलं. 'बहुतेक' कानावर पडूनही मी सोडून दिलं.

प्रत्यक्षात काय झालं

सोमवारी अकराला मंडळी पोचली. काउंटरवरच्या मुलाने हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाला, "पट्टे चेक-इनबरोबर, दोनला." वहिनींनी माझं नाव सांगितलं. "नोट नाहीये मॅडम." मी फोन लावला. मला शब्द देणाऱ्याची सोमवारी साप्ताहिक सुट्टी होती. थाळी, तळमजला आणि तीन वाजेपर्यंतची खोली, सगळं त्यांच्या कागदावर होतं, कारण ते मेलवर होतं. पट्ट्यांचं कुठेच नव्हतं. लॉबीच्या काचेतून रोलर कोस्टर दिसत होता. पंधरा वर्षांचा मुलगा सोफ्यावर बसून घड्याळ लावून गाड्या मोजत होता. चार मिनिटांना एक. ड्युटी मॅनेजरने बारा वाजून दहा मिनिटांनी पट्टे दिले, तोवर त्याच्या सतरा गाड्या मोजून झाल्या होत्या.

पट्टे देता देता काउंटरवरच रांग टाळायचा एक्स्प्रेस पास पुढे करण्यात आला, माणशी ९००. मुलगा वहिनींकडे बघत राहिला. वहिनींनी मला विचारलं. मी म्हटलं, आधी आत जाऊन रांग बघा, पास आतही मिळतो. सव्वाबाराला मोठ्या कोस्टरची रांग दहा मिनिटांची होती. पास घेतला नाही. या प्रकरणातला माझा एकच निर्णय असा, ज्यात काही खोट काढता येत नाही.

नातीचं मात्र बिनसलं. मोठ्या कोस्टरला किमान उंची ४ फूट ७ इंच. ती ४ फूट ५. तिने तीनदा त्या रंगीत पट्टीखाली उभं राहून बघितलं. तिसऱ्यांदा केस डोक्यावर उंच बांधून आली आणि तिथल्या कर्मचाऱ्याला म्हणाली, "काका, पोनी धरून मोजा ना." त्याने हसून नकाराची मान हलवली. मी कुटुंबाला वयं विचारली होती, गुडघे विचारले होते. उंची विचारायची राहिली. आधी माहीत असतं तर निदान घरीच तिला सांगता आलं असतं. भावाला जाताना बघत ती रडली, ते टळलं असतं.

जेवणाची कुपनंही कागदावर दिसली तशी निघाली नाहीत. ती हॉटेलच्या उपाहारगृहातली. त्यामुळे दुपारी आजी-आजोबा हॉटेलात आणि बाकीचे पार्कमध्ये वडापाव खात बसले. एका टेबलावर बसायला आलेलं कुटुंब दुपारच्या जेवणाला दोन ठिकाणी गेलं, आणि ते मीच घडवून आणलं होतं.

पावणेचारला ढग गडगडले. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे दुपारनंतर असं होऊ शकतं. वीज कडाडली की उघड्यावरचे पाळणे थांबवतात, आणि थांबवायलाच हवेत. दीड तास सगळं बंद. छताखालच्या दोनच गोष्टी चालू होत्या, त्यामुळे सगळं पार्क तिथेच लोटलं. एका दिवसाचं तिकीट काढून आलेली माणसं मदत-खिडकीवर पैसे परत मागत होती. तिकिटाच्या मागे लिहिलेलंच असतं, हवामानामुळे परतावा नाही. आमच्या मंडळींना मात्र दुसरा दिवस होता. माझ्या कागदावर दुसऱ्या दिवसाच्या तिकिटाला मी अर्धीच किंमत धरली होती, माणसं थकतात म्हणून. ते चुकलं. पावसाळी आठवड्यात पॅकेजमधली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती.

पाऊस थांबला, सहाला ढोल वाजायला लागले. संध्याकाळची मिरवणूक. चित्ररथ, झेंडे, उंच काठ्यांवर चालणारी माणसं. आजी खोलीच्या दारातून नातवंडांना शोधत निघाल्या आणि पार्कच्या आतल्या दारावर अडल्या. रखवालदाराने मनगट बघितलं. पट्टा पांढरा, म्हणजे फक्त हॉटेलचा. पार्कचा निळा. आजी त्याला म्हणाल्या, "अरे, मला बसायचं नाहीये कशात, नुसतं बघायचंय." तो तरी काय करणार. संध्याकाळचं तिकीट मिळतं, पण खिडकी मुख्य गेटवर, गाड्यांच्या तळाला वळसा घालून. धाकटा धावत गेला, माणशी ६०० प्रमाणे १,२०० भरून आला. तोपर्यंत आजी लॉबीत खुर्चीवर बसून ढोल ऐकत होत्या. आत गेल्या तेव्हा मिरवणुकीचं शेपूट उरलं होतं. आजोबांनी तिकिटावरचा आकडा वाचला आणि म्हणाले, "पंधरा मिनिटांचे सहाशे." तिकीट त्यांनी खिशात जपून ठेवलं, ते अजून त्यांच्या हिशेबाच्या वहीत आहे.

पाळण्यात बसणार का, हे मी त्यांना विचारलं होतं. आत जाऊन काही बघायचंय का, हे विचारलं नव्हतं.

रात्रीचं जेवण मात्र जसं व्हायला हवं तसं झालं. आठजण एका लांब टेबलावर, न सांगता आलेला छोटा केक, आणि बोटीवरून थोरल्याचा व्हिडिओ कॉल. तो तीनदा तुटला. आजी प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या.

मंगळवारी साडेनऊला आत सोडलं. 'बहुतेक सगळे' म्हणजे चार पाळणे, सगळे लहानांचे. मोठा कोस्टर इतरांबरोबर साडेदहालाच सुरू झाला. पण त्या तासात चार वर्षांच्या पोराने बेडूकउड्यांच्या पाळण्यात सहा फेऱ्या मारल्या, रांग नाही, कडेवर घेऊन उभं राहणं नाही. ज्याच्यासाठी ती सोय असेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं, त्यालाच ती कामी आली. मुलाने साडेदहा ते एक मोठा कोस्टर पाच वेळा केला. दीडला धाकटी सून पोराला घेऊन, हातावर शिक्का मारून बाहेर आली आणि तीनपर्यंत ठेवलेल्या खोलीत त्याला झोपवलं. नंतर मला म्हणाली, "ताई, पार्क राहू दे, ती खोली होती म्हणून माझी सुट्टी झाली." ही सोय कुठल्याच पॅकेजच्या जाहिरातीत नसते.

हिशेब

रिसॉर्टचे ३५,४०० आणि संध्याकाळची तिकिटं १,२००, मिळून ३६,६००, चार थाळ्यांसकट. अदलाबदल केलीच नसती आणि थाळ्या विकत घेतल्या असत्या तर ३७,६००. म्हणजे माझी युक्ती हजार रुपयांनी फायद्यात दिसते. पण मंगळवारचीच दोन तिकिटं परत देऊन सोमवारची ठेवली असती, तर दोन थाळ्या मिळाल्या असत्या, दोन विकत घ्याव्या लागल्या असत्या, आणि एकूण ३६,५०० झाले असते. शंभर रुपये कमी. वर आजींना दारावर कुणी अडवलं नसतं.

तिसऱ्या पर्यायाशी तुलना केली तर बारा-तेरा हजार जास्त गेले. त्यात काय आलं? आजींची हॉटेलातली रात्र, पोराची झोप, पावसात वाया न गेलेला दिवस. आजोबांना अजूनही वाटतं की जास्त गेले. आजींना विचारलं तर त्या मिरवणुकीबद्दल बोलतात, पैशाबद्दल नाही. वहिनी दोघांचंही ऐकून गप्प बसतात. मला स्वतःला वाटतं, वार बदलून वाचवलेल्या बारा हजारांतूनच हे बारा हजार गेले, एवढं समाधान पुरे.

आता वेगळं काय करते

बुकिंगच्या कागदावर आता वयाच्या शेजारी उंचीचा रकाना आहे, फूट आणि इंचात. ज्येष्ठांना मी विचारते, बसणार का नव्हे, काय बघायचंय. तिकिटं परत द्यायची झाली तर कधीच सगळी देत नाही, एका दिवसाची ठेवते. कुपन मागायचं तर कुठल्या उपाहारगृहातलं ते आधी, किंमत नंतर. फोनवर कुणी "देऊ ना" म्हटलं की तिथल्या तिथे दोन ओळींचा मेल टाकते: आपलं आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे, पट्टे सकाळी अकराला. उत्तर आलं नाही तरी चालतं, काउंटरवर दाखवायला पाठवलेला मेल पुरतो. पावसाच्या दिवसांत एका दिवसाच्या तिकिटावर गिऱ्हाईक पाठवायचं असेल, तर परताव्याचा नियम मोठ्याने वाचून दाखवते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. तिसरा पर्याय मी वहिनींपुढे ठेवला, कमिशनचंही सांगितलं, तरी तो मांडताना माझा आवाज जरा पडलेला होता का? मला खात्रीने सांगता येत नाही. आता मी सगळे पर्याय बोलून दाखवायच्या आधी लिहून पाठवते, स्वस्तातला सगळ्यात वर.

पट्ट्यांमुळे वाया गेलेल्या तासाबद्दल रिसॉर्टला मी सविस्तर पत्र लिहिलं. दहा दिवसांनी उत्तर आलं: झाल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी, आणि पुढच्या मुक्कामावर दहा टक्के सूट. अट एवढीच, फक्त सोमवार ते गुरुवार, तेही शाळांच्या सुट्ट्या वगळून. मी ते वहिनींना पुढे पाठवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "म्हणजे आता आजी-आजोबांनीच जायचं का हो ताई?" मागोमाग त्यांच्याच फोनवरून आजींचा आवाज आला: "अगं, मिरवणूक रोज असते की फक्त सुट्टीत, तेवढं विचारून ठेव."